नानांची चप्पल आणि माझे तळहात

फुशारकी मारत नाही... म्हणजे मारतोच आहे, पण आमच्या नानांचं राज्य माझ्यामुळे टिकलंय! नाना म्हणजे आमचे राजे. राजाचा उघडा पाय मातीला लागला की आमच्याकडे गादी गेलीच म्हणून समजा, आणि नानांच्या चपला मी सांभाळतो. नाना सडपातळ होते तेव्हापासून सांभाळतो. यावरून काय ते ओळखा.

गेल्या वर्षी कोनफळांच्या सणाच्या आदल्या दिवशी नाना कुरकुरले, "क्येई, पट्टा टोचतोय रे. कुरूप झालंय."

"उद्या बघा नाना, चप्पल कशी लोण्यासारखी करून देतो."

"गेल्या सणालाही हेच म्हणाला होतास."

झालं! हे मला लागलं. मी चपला पामतेलात बुडवल्या. घटकाभर पुरलं असतं, पण मालकावर जीव फार. रात्रभर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी नाना पालखीतून उतरले. राजा नाचल्याशिवाय सण साजरा होत नाही. ढोल घुमले, छत्र्या डोलल्या, नानांनी झोकात गिरकी घेतली आणि उजवी चप्पल ओल्या साबणासारखी सटकली ती थेट राजमातेच्या मांडीवर! नाना एका पायावर, दुसरा हवेत, आणि अख्खं गाव आ वासून बघतंय. तो पाय टेकला की नाना घरी आणि मी रस्त्यावर!

मी सूर मारला आणि दोन्ही तळहात पायाखाली सरकवले. नाना टेकले. सगळेच्या सगळे टेकले. मला माझे मेलेले आजोबा दिसले.

सणात नाना लोकांशी थेट बोलत नाहीत. ते साफोकाकांच्या कानात पुटपुटतात आणि काका ते नटवून गावाला ऐकवतात. नाना पुटपुटले, "या गाढवाला आजच्या आज हाकला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, सोन्याची काठी उंचावली आणि गरजले, "नाना म्हणतात, राजाच्या पायाखाली आधी त्याची माणसं, मग माती!"

गाव वेडं झालं! बायकांनी पदर उडवले, ढोलवाल्यांना चेव आला. आता नाचणं आलंच. नाना माझ्या हातांवर नाचले. राजमातेला चप्पल परत द्यायची आठवण नाच संपल्यावर झाली.

संध्याकाळी मी मान खाली घालून उभा राहिलो. "नाना, निघू का मी?"

"जातोस कुठे? त्या साफोने भलतंच जाहीर केलंय ना, आता दर सणाला असंच नाचावं लागणार. लोक दुसरं काही ऐकत नाहीत." मग माझ्या सुजलेल्या हातांकडे बघून हळूच म्हणाले, "फार दुखतंय का रे?"

खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. यंदाचा सण आता तोंडावर आलाय आणि माझ्या हातांची काळजी म्हणून नानांनी जेवण कमी केलंय. फुफू, म्हणजे कुटलेली कोनफळं, बुडवून खायचा रस्सा निम्म्यावर आणलाय.

फुफूचा गोळा मात्र तेवढाच आहे.