अर्जदार हाजर आहे काय?

माणसाची खरी लायकी एक ईश्वरच जाणतो, असे शास्त्रकार सांगतात. ठाण्यात हे काम ईश्वराकडे नव्हते. ते तात्यासाहेब खांबेट्यांकडे होते; आणि ईश्वर जी चौकशी मनातल्या मनात उरकतो, ती तात्यासाहेब दर रविवारी पूजा आटोपल्यावर मोठ्या आवाजात करत.

तात्यासाहेब कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. म्हणजे हयातभर न्यायाधीशाच्या डाव्या हाताला बसून त्यांनी न्याय होताना पाहिला होता, आणि आपण केला असता तर बरा झाला असता, अशी त्यांची खात्री पटली होती. साठवलेला पैसा ते घरांच्या गहाणावर देत. निदान देण्याची तयारी दाखवत. बाजारातल्या सावकाराचे व्याज जबर आणि प्रश्न एकच. तात्यासाहेबांचे व्याज हलके होते. जबर होते ते प्रश्न.

कर्ज मागणाऱ्याने अंगणात उभे राहायचे. मग तात्यासाहेब पट्टेवाला होऊन ओसरीच्या पायरीवर येत आणि तलावापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत, "महादेव विष्णू ओगले, अर्जदार, हाजर आहे काऽऽय?"

मी हातभर अंतरावर उभा असे. तरी तीनदा पुकारा होई. मग आवाज उतरवून ते मला दरडावत, "चला. पायताण बाहेर. साहेब आत आहेत, हळू बोला." आणि लगबगीने आत जात, पगडी चढवत, लोडाला टेकून बसत आणि साहेब होत. मी आत गेलो की नवलाने विचारत, "कोण आपण?"

माझे प्रकरण साधे होते. मी ठाण्याच्या कचेरीत कारकून. बिऱ्हाड भाड्याचे. घरमालकिणीच्या घरचे पाणी भरून झाले की मग आमची पाळी, म्हणजे ऐन दुपारी. कल्याणात करमरकरांचे घर विकाऊ होते आणि त्याच्या परसात स्वतःची विहीर होती. आमच्या कुटुंबाने ते घर पाहिले आणि परतताना एवढेच म्हटले, "रहाट जुना आहे, पण बदलता येईल." घर पसंत पडल्याचे मी ओळखले. थोडे पैसे जवळ होते. बाकीचे त्याच घराच्या गहाणावर तात्यासाहेबांकडे मागितले.

चौकशी होळीनंतर सुरू झाली.

"आजोबा कशाने वारले?"

"तापाने."

"कर्ज होतं?"

"नाही."

"कर्ज नव्हतं, मग ताप कशाचा?" असे म्हणून ते उजवीकडच्या रिकाम्या कोपऱ्याला हुकूम सोडत, "नोंद घ्या." मग स्वतःच सरकत त्या कोपऱ्यात जात, बोरू बुडवून लिहीत आणि पुन्हा लोडाशी येऊन विचारत, "घेतली?" आणि मान हलवून स्वतःलाच होकार देत.

माझ्याआधीचे अर्जदार तिसऱ्या-चौथ्या तारखेला पळून बाजारातल्या सावकाराकडे गेले होते. जबर व्याज स्वस्त पडते, असे त्यातल्या एकाने मला सांगितलेही. पण मला ते व्याज झेपणारे नव्हते. मी टिकलो.

आणि मग मी एक अपराध केला. घर कल्याणात मिळणार म्हणून नोकरीही तिकडेच पाहिली. कल्याण स्टेशनात आगगाडी कंपनीच्या मालधक्क्यावर कारकुनाची जागा होती. पगार कचेरीपेक्षा चांगला. कोणत्याही शहाण्या माणसाला यात सोय दिसली असती. पुढच्या रविवारी तात्यासाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारले, "पेशा?"

"माल-कारकून, कल्याण स्टेशन."

बोरू दौतीतच राहिला. तात्यासाहेबांनी पगडी काढली, पाहिली, पुन्हा घातली.

"अर्ज चालू असता नोकरी बदलली?"

"पगार जास्त आहे, तात्यासाहेब."

"पगार पाहतो कोण? कचेरी बघा. तिला पाया आहे. उद्या आपण सगळे मेलो तरी कचेरी उघडेल. आगगाडीला काय आहे? चाकं! ज्या नोकरीला चाकं आहेत, ती एक दिवस निघून जायचीच."

"पण घर कल्याणात घ्यायचं म्हणूनच..."

"घर घ्यायचं म्हणून नोकरी सोडली, नोकरी सोडली म्हणून घराला कर्ज देता येत नाही. नोंद घ्या." आणि कोपऱ्यात जाऊन त्यांनी नव्या कागदावर पहिल्यापासून सुरुवात केली. आजोबा पुन्हा तापाने वारले.

बिऱ्हाड कल्याणात हलवले, आणि आता मला दर रविवारी तिथून गाडीने ठाण्यास यावे लागे. आगगाडी किती बेभरवशाची आहे, हे ऐकायला मी आगगाडीनेच वेळेवर पोचत असे.

नारळी पौर्णिमा झाली आणि तात्यासाहेबांनी जाहीर केले की साहेब जागेवर येऊन नोकरीची पाहणी करतील. गाडीने मात्र येणार नाहीत. ज्या कंपनीची चौकशी करायची तिच्याच गाडीत बसणे म्हणजे पक्षकाराच्या घरी जेवण्यासारखे आहे, असे त्यांचे मत पडले. म्हणून ते खाडीतून मचव्याने आले. भरतीने त्यांची अडवणूक केली, वाऱ्याने पगडी भिजवली, आणि उन्हे कलायला लागली तेव्हा कायद्याची ही मूर्ती हिरवट चेहऱ्याने मालधक्क्यावर अवतरली आणि भाताच्या गोणीवर बसली.

आमचे मालमास्तर पेद्रू, वसईकडचे किरिस्ताव, माणूस सरळ. त्यांनी विचारले, "काय बाबा, गाडी चुकली काय?"

"मी चौकशीस आलो आहे," तात्यासाहेब म्हणाले. "ही तुमची कंपनी उद्या उठून विलायतेस गेली, तर?"

"गेली त गेली. रूल काय खांद्यावर टाकून नेल? रूल हाय तवर गाडी, गाडी हाय तवर माल, नि माल हाय तवर तुमचा हा ओगल्या. पानी देव का? त्वांड उतरलंय तुमचं."

पाणी त्यांनी नाकारले, साक्ष मात्र स्वीकारली. मचव्यात चढताना मला म्हणाले, "साक्षीदार बरा आहे. उलटतपासणीत टिकला."

मला वाटले, काम झाले. पण पुढच्या रविवारी आजीची चौकशी निघाली. त्याच्या पुढच्या रविवारी सासुरवाडीची. इकडे करमरकरांना मुलाकडे नागपूरला जायचे होते आणि एक भाताचा व्यापारी रोख पैसे घेऊन त्यांच्या दाराशी येऊ लागला होता. "ओगले, दसऱ्यापर्यंत थांबतो," करमरकर म्हणाले. "मग मला बोल लावू नका."  आमच्या कुटुंबाने रहाटाचा विषय घरात बंद केला, आणि ते मला बोलण्यापेक्षा जड गेले.

तेव्हा रविवारची वाट न पाहता मी एका गुरुवारी रजा काढून ठाण्यास गेलो. कर्ज देता की नाही ते एका शब्दात सांगा, असे विचारायचे होते. आणखीही काही शब्द मुंब्र्यापासून जुळवत आणले होते आणि ते बरे जुळले होते.

अंगणात पाऊल टाकले तो आतून आवाज आला. "अर्जदार, जेवलात?"

"हो, साहेब," दुसऱ्या आवाजाने उत्तर दिले.

"काय होतं?"

"डाळिंब्यांची उसळ, साहेब."

"आमच्याकडे फार छान होत असे. ती गेल्यापासून कोणी केली नाही. नोंद घ्या."

तो दुसरा आवाज माझा होता. माझा म्हणजे, माझ्यापेक्षा बराच नम्र. उघड्या दारातून मी पाहिले. लोड रिकामा होता. तात्यासाहेब बोडक्या डोक्याने, मी बसत असे त्या जागी, लोडाकडे तोंड करून बसले होते. खोलीत दुसरे कोणी नव्हते. त्यांचा मुलगा इंदुरास होता, आणि तो दिवाळीला पत्र पाठवतो असे ते सांगत.

मी पाय न वाजवता फाटकापर्यंत मागे गेलो आणि कडी जोरात वाजवली. जरा वेळाने तात्यासाहेब पायरीवर आले.

"आज तारीख नाही," ते म्हणाले.

"अर्जदाराचा तातडीचा अर्ज आहे."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. तीनदा पुकारा झाला. पायताण बाहेर राहिले. साहेब आत होते, म्हणून मी हळू बोललो, "दसऱ्याला घर हातचं जातं, तात्यासाहेब. पुन्हा असं घर मिळायचं नाही."

तात्यासाहेबांनी पगडीचा काठ चाचपला.

"समजा, मंजूर केलं. मग अर्जदार इकडे पुन्हा कशाला येईल?"

हा प्रश्न साहेबांचा नव्हता, पट्टेवाल्याचाही नव्हता.

"हप्ता द्यायला," मी म्हणालो. "दर रविवारी. हातात आणून देईन."

"सावकार व्याज सहामाही घेतात."

"तुम्ही सावकार नाही, साहेब."

"पाऊस असला तर?"

"रूळ भिजून बिघडत नाहीत."

"नोंद घ्या," ते म्हणाले. पण लोडापासून हलले नाहीत. तेव्हा मीच सरकत कोपऱ्यात गेलो, बोरू उचलला आणि नोंद घेतली.

गहाणखत दसऱ्याआधी रजिस्टर झाले. रहाट बदलला. कर्जही पुढे फिटले, एक रुपया सोडून. तो रुपया तात्यासाहेब दर रविवारी उंबऱ्यावर वाजवून पाहतात, खोटा आहे म्हणून परत करतात आणि पुढच्या रविवारी दुसरा आणायला सांगतात. मी पुढच्या रविवारी तोच नेतो.

कल्याणच्या सराफाला मी तो दाखवला आहे. रुपया चांगला आहे.