शेवटच्या टाकीतले मासे

"आमच्या पाण्यात मासे जगत्यात," असं गोकुळ दौंडच्या बाजारापासून शिरूरच्या स्टँडपर्यंत भेटेल त्याला सांगत सुटला होता. काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्याचं पर्यावरण खातं त्याच्याकडं होतं. खातं म्हणजे हा एकटाच, आन् तोही टेम्पररी. फुटकी काच धुतलेलं, मशीनचं तेल उतरलेलं पाणी शुद्ध करायचं आणि ओढ्याला सोडायचं, हे त्याचं काम. शुद्ध झाल्याचा पुरावा म्हणून शेवटच्या टाकीत मासे सोडायची आयडियाही त्याचीच. प्लांट हेड ज्ञानदेव साहेब खूश झाले. बाटल्या घेणाऱ्या बड्या कंपनीची ऑडिटर यायची होती. तिनं पास म्हटलं, की गोकुळ पर्मनंट!

मासे जगायचे हे खरं, पण किती वेळ, ते गोकुळ कुणाला सांगत नव्हता. शुद्धीकरणाची मशीन वीज फार खाते म्हणून साहेबांनी दिवाळीपासून बंद ठेवली होती. पाणी आलं तसं ओढ्याला जात होतं. गोकुळच्या वस्तीवर विहिरीच्या पाण्याला वास मारतो म्हणून ओरड सुरू झाली, तर हा आईला म्हणाला, ओढा कुठं, विहीर कुठं. साखरबाईंनी लेकाचा शब्द घरोघर पोचवला. तरी लोक ऐकेनात. त्यांनी विकतचे जार सुरू केले.

ऑडिटच्या सकाळी गोकुळनं वडगाव रासाईच्या दत्तामामाकडनं भीमेतले जिवंत मासे आणले, दोन टब भरून, मोटरसायकलला बांधून. निम्मं पाणी त्याच्या पँटवरच सांडलं होतं. पहिला टब टाकीत ओतला आणि तो चहा घेऊन आला, तेवढ्यात सगळे मासे पोट वर करून तरंगत होते.

साहेब तर भट्टीपेक्षा जास्त तापले. टाकी रिकामी कर, धू, बाहेरचं चांगलं पाणी भर, म्हणाले. गोकुळनं छाती फुगवून सांगितलं, आमच्या वस्तीच्या विहिरीचं आणतो, एक नंबर पाणी. टँकर वस्तीवर गेला, अख्ख्या वस्तीसमोर भरून आला. टाकी भरली, दुसरा टब ओतला, मासे सुळसुळ पळायला लागले.

ऑडिटर प्रांजल मॅडम टाकीजवळ आल्या. साहेबांनी पर्यावरणावर भाषण सुरू केलं. एवढ्यात एक मासा उलटा झाला.

"झोपलाय," साहेब म्हणाले.

मग दुसरा झोपला. मग तिसरा. बघता बघता सगळी टाकी गाढ झोपली. मॅडमनी पेन काढलं आणि गोकुळच्या डोळ्यांपुढं त्याची नोकरीही पोट वर करून तरंगायला लागली.

"मॅडम, हे कंपनीचं पाणी न्हाईच," तो बोलून गेला. "आमच्या विहिरीचं हाय."

साहेबांनी डोळे मिटले. मॅडमनी मात्र शांतपणे विचारलं, "विहीर कंपनीच्या हद्दीत येते?"

"न्हाई."

"मग या माशांचा कंपनीशी संबंध नाही." त्यांनी पास लिहिलं आणि जेवायला गेल्या. साहेबांनी गोकुळची पाठ थोपटली. पर्मनंट झालास म्हणाले.

गोकुळ टब उचलायला वाकला. तळाशी भीमेचं चार बोटं पाणी राहिलं होतं. त्यात चुकून राहिलेला एक मासा मजेत फिरत होता. टब तिथंच टाकून गोकुळनं मोटरसायकल वस्तीकडं पिटाळली.

वस्तीवर तर जत्रा भरलेली! रिकामे जार उकिरड्यावर, बाया हंडे घेऊन विहिरीवर, आणि साखरबाई दारात भरला तांब्या घेऊन उभ्या.

"जारवाल्याला आजपासनं बंद केलं समद्यांनी," त्या अभिमानानं म्हणाल्या. "एवढी मोठी कंपनी टँकर भरून नेतीय, आन् आपुन इकत पितोय व्हय?"

"आई, पिऊ नगं. अगं, त्या पाण्यात मासे..."

"व्हय रं," साखरबाईंनी तांब्या तोंडाला लावला, घटाघटा प्यायल्या आणि पदरानं तोंड पुसलं. "सांगितलंय मी समद्यास्नी. मासे जगत्यात."