गुबगुबीत सूचना

वाचनालयाच्या बाईंना झोपेतून उठल्यापासून एकच आकडा छळत होता: एकशे बारा. इतकी पुस्तकं मुदत उलटून लोकांच्या घरी पडली होती. महिनाअखेरीस तपासणी अधिकारी येणार होते. तेव्हाही कपाटं अशीच बोडकी दिसली, तर हे वाचनालय बंद करून पुस्तकं मुख्य वाचनालयात हलवायची, असं वरून ठरलं होतं. बावीस वर्षं जीव लावलेल्या त्या दोन खोल्या जाणार, या नुसत्या विचारानं बाईंना रडू येई.

"मावशी, तुझ्या सूचना वाचतं कोण?" छपाईच्या दुकानात मांडणी करणारी भाची म्हणाली. "मुंग्यांसारखी अक्षरं. मी देते करून."

तिनं जुन्या जमान्यातल्या साबणाच्या वेष्टनावर शोभावा असा एक फॉन्ट काढला. जाडजूड, गुबगुबीत अक्षरं. कुठे कोपरा म्हणून नाही. काना उशीसारखा, अनुस्वार चेंडूएवढा. पहिली सूचना पिवळी, दुसरी नारिंगी, तिसरी आणि शेवटची लालभडक. 'पुस्तक परत करा' हे शब्द इतके लाघवी दिसत होते की बाईंना स्वतःलाच काहीतरी परत करावंसं वाटलं.

पिवळ्या सूचना गेल्या, नारिंगी गेल्या. पुस्तक एकही आलं नाही. शेवटी बाई स्वतःच शिंप्याच्या दुकानात जाऊन धडकल्या. आरशाशेजारी दोन्ही सूचना काचेच्या चौकटीत लटकत होत्या.

"लाल कधी पाठवताय?" शिंप्यानं आपुलकीनं विचारलं. "ती आली की भिंत पूर्ण होते. मग पुस्तक देतोच की."

न्हाव्याकडे तेच, औषधवाल्याकडे तेच. बातमी पसरली, तशी मुदत पाळणारी भली माणसंही पुस्तकं दाबून बसली. जन्मात कधी उशीर न केलेले निवृत्त मास्तर बाईंना रस्त्यात भेटले आणि मान खाली घालून म्हणाले, "सुनेकडे दोन सूचना आहेत. माझ्याकडे एकही नाही. घरात किंमत राहिली नाही हो."

एकशे बाराचे दोनशे सहा झाले. बाईंनी भाचीला फैलावर घेतलं, मनसोक्त रडून घेतलं आणि मग डोळे पुसून तिच्याकडूनच एक मोठा फलक करून घेतला. तपासणीच्या आदल्या दिवशी तो दारावर झळकला, त्याच गुबगुबीत अक्षरांत: लाल सूचना टपालानं जाणार नाही, पुस्तक टेबलावर ठेवा आणि ती घेऊन जा.

दहाच्या आत रांग रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली. शिंपी सगळ्यांत पुढे होता आणि मास्तर धापा टाकत त्याच्या मागे. संध्याकाळपर्यंत दोनशे सहाच्या दोनशे सहा पुस्तकं परत आली. शिवाय आणखी चार आली, जी या वाचनालयाची नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी नोंदवही आणि कपाटं दोनदा ताडून पाहिली. मुदत उलटलेलं एकही पुस्तक सापडेना. वाचनालय इथेच राहील, असं त्यांनी लिहून दिलं, तेव्हा बाईंना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मग अधिकाऱ्यांची नजर टेबलावर उरलेल्या लाल सूचनेवर गेली. त्यांनी ती उचलून न्याहाळली.

"ही सगळी या अक्षरांची करामत दिसते," ते म्हणाले. "मुख्य वाचनालयात साठ हजार पुस्तकं आहेत आणि सूचना अजून मुंग्यांएवढ्या अक्षरांत. उद्यापासून तिथेही हेच."

बाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं. मग त्यांनी आपल्या भरलेल्या कपाटांकडे पाहिलं.

"साहेब," त्या नम्रपणे म्हणाल्या, "मात्र सुरुवात पिवळीपासून करा हं."