बारा तोळे उजेड

श्रीपाद दिवाबत्ती कमिटीत हेडकारकून होता आणि त्याच्या हातून साऱ्या नोकरीत एकच गुन्हा घडला. त्यानं कमिटीचे आभार मानले.

झालं ते असं. शके सतराशे नव्याण्णवच्या पौषात कमिटीनं ठाण्यात कोपरीच्या नाक्यावर, रामाच्या देवळाच्या कुंपणाला लागून, घासलेटचा एक कंदील खांबावर बसवला. कंदील रस्त्यासाठी होता. स्टेशनाकडून येणाऱ्या माणसाला नाक्यावरचा खड्डा नीट दिसावा आणि मगच त्यानं त्यात पडावं, एवढाच त्यामागचा हेतू. पण कंदिलाला काचा चारी बाजूंनी, आणि उजेडाला कमिटीचा ठराव कोणी वाचून दाखवलेला नव्हता. तो रस्त्यावर पडला तसा कुंपणावरून देवळाच्या सभामंडपातही पडला.

त्या देवळात दर एकादशीला दिवेलागणीनंतर मारुतीबुवांचं कीर्तन असे. आजवर बुवा दोन समयांवर भागवत. पूर्वरंग संपायच्या आत खाडीचा वारा दोन्ही समया मालवून जाई आणि उत्तररंग अंधारात होई. ऐकणाऱ्यांचं काही अडत नसे, पण श्रीपादची आत्या, विमलाबाई, तिचं अडत असे. आईमागं श्रीपादला तिनंच वाढवलेला. तिचा एक डोळा मोतीबिंदूनं गेला होता, दुसरा त्याच वाटेवर होता, आणि वैद्यांनी तो फार तर रामनवमीपर्यंत धरेल असं सांगून ठेवलं होतं. कंदील लागल्याच्या पहिल्या एकादशीला ती कीर्तनाहून श्रीपादबरोबर घरी आली ती पायऱ्या चढता चढता बोलतच आली.

"श्रीपाद, बुवांनी हात वर केला ना, तेव्हा मला पाची बोटं दिसली रे. दोन वर्षांनी दिसली."

श्रीपादला गहिवरून आलं. कारकुनाला गहिवर आला की तो कागद ओढतो. त्यानं त्याच बैठकीत लिहिलं, की कमिटीच्या कंदिलाचा उजेड देवळात पडून श्रवणाचा लाभ दुणावला आहे, सबब भक्तमंडळी कमिटीची ऋणी आहेत. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्यावर त्यानं आपलंच पत्र आपल्याच हातानं आवक बारनिशीत चढवायला घेतलं, आणि तिथं तो अडला. बारनिशीत रकाने तीन होते: अर्ज, तक्रार, कबुली. आभाराला रकाना नव्हता, कारण ती वेळ कमिटीवर पूर्वी कधी आली नव्हती. श्रीपाद प्रामाणिक माणूस. पत्र अर्ज नव्हे, तक्रार तर नव्हेच. त्यानं ते कबुलीत घातलं.

कमिटीचे अध्यक्ष रावसाहेब दौलतराव यांनी ती कबुली तीनदा वाचली आणि चष्मा काढला.

"श्रीपादराव, कंदील रस्त्याचा. उजेड देवळात. मधे कुंपण आहे ना?"

"आहे, रावसाहेब."

"मग तो गेला कसा?"

"वरून गेला असावा."

"ते कळलं. कोणाच्या परवानगीनं?"

परवानगीचा कागद दप्तरात नव्हता, आणि कचेरीत कागद नसला की चौकशी असते. पहिला हुकूम त्याच संध्याकाळी निघाला. चौकशी पुरी होईतो आणखी उजेड परठिकाणी जाऊ नये म्हणून कंदील लावू नये. मात्र दिवे लावणाऱ्या दगडूनं रोज नेमल्या वेळी शिडी घेऊन जावं, वर चढून कंदील न लावल्याची खात्री करावी आणि उतरावं. हुकूम श्रीपादनंच सुवाच्य अक्षरात लिहिला. पुढच्या एकादशीला अंधारात बसून तो कीर्तनात नेहमीसारखा रडला, आणि शेजारी आत्यानं विचारलं, की कंदिलाला काय झालं रे, तेव्हा त्यानं सांगितलं, की दुरुस्ती चालली आहे.

चौकशीत पहिला दगडू उभा राहिला. उजेड ही चीज काय आहे, ती कुठून येते, कुठं जाते, हे सगळं त्याला शपथेवर विचारण्यात आलं.

"मना काय ठावं, सायब," दगडू म्हणाला. "मी लावतो, मी इझवतो. मधी तो काय करतो, त्याचं त्यालाच म्हाईत."

ही जबानी बेपर्वाईची ठरवून दगडूला समज देण्यात आली. पुढं अनेक विद्वानांची पत्रं वाचायची पाळी आली तेव्हा श्रीपादला वाटून गेलं, की यापेक्षा जास्त कोणीच काही सांगितलं नाही. पण हेडकारकुनाला काय वाटून गेलं त्यालाही बारनिशीत रकाना नव्हता.

मग प्रश्न निघाला वजनाचा. उजेड चोरीला गेला असेल तर किती गेला हे ठरायला हवं, आणि किती हे वजनावाचून ठरत नाही. कमिटीचे दुसरे सभासद अँब्रोज, यांची खाडीवर मिठागरं. त्यांनी आपला तराजू दिला. कचेरीच्या अंगणात, पंचांसमक्ष, कंदील आधी न पेटवता तोलला, मग तीन तास जळत ठेवला आणि पुन्हा तोलला. तो बारा तोळे कमी भरला. टाकीतलं घासलेट तेवढं जळालं हे अंगणातल्या मांजरालासुद्धा वासावरून कळत होतं. श्रीपादनं तोंड उघडलंही, पण तेवढ्यात रावसाहेब म्हणाले, "लिहा. तीन तासांच्या उजेडाचं वजन बारा तोळे," आणि श्रीपादनं उघडलेलं तोंड मिटून टाक दौतीत बुडवला.

लगोलग देवळाचा पंचनामा झाला. सभामंडप झाडून घेतला. निघाल्या त्या वस्तू: तुळशीची पानं, बुक्का, तुटलेल्या चिपळीची एक झांज आणि एक केळीचं साल. उजेड गुंजभरही नाही. सबब बारा तोळे उजेड भक्तमंडळींनी जागच्या जागी संपवला, असा निष्कर्ष निघाला.

मात्र अँब्रोज यांनी शंका काढली, की तो तिथं न थांबता पुढंही गेला असेल. म्हणून हायस्कुलातल्या मास्तरांचं लेखी मत मागवलं. मास्तरांनी कळवलं, की उजेड एका सेकंदात नव्वद हजार कोस जातो. रावसाहेबांनी खिडकीतून रस्त्याकडं पाहिलं. गल्लीत गाड्या चालीनं हाकाव्या अशी कमिटीची पाटी तिथं होती. उजेडावर हे दुसरं कलम लागलं. शिवाय या वेगानं तो कमिटीची हद्द ओलांडून गेला असणार हे उघड होतं, म्हणून कल्याणच्या दिवाबत्ती कमिटीस पत्र गेलं, की आमचा बारा तोळे उजेड आपल्याकडं आला असल्यास ठेवून घ्यावा. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: ठाण्याकडून उजेड आल्याची नोंद नाही. इकडं कोणत्याही दिशेनं आल्याची नाही. आल्यास पोच कोणत्या नमुन्यात द्यावी ते कळवावं.

यात माघ गेला. आत्या आता वाती वळताना कापूस चाचपून घेऊ लागली होती. तिनं कंदिलाचं विचारणं सोडलं नव्हतं. तिचं म्हणणं इतकंच, की डोळा जायचा तर जाऊ दे, पण बुवांचा वर गेलेला हात पुरता पाहून घेऊ दे, म्हणजे पुढं आठवायला बरा. श्रीपाद प्रत्येक वेळी म्हणे, की वर लिहिलं आहे. ते खरंही होतं. सगळं वर लिहिलेलं होतं आणि ते त्यानंच लिहिलेलं होतं.

फाल्गुनात मुख्य मुद्दा पुढं आला. मास्तरांच्या पत्रात शेवटी एक ओळ होती: उजेड म्हणजे बारीक कण, असं विलायतेत काही पंडित म्हणतात. उजेड म्हणजे लाटा, असं दुसरे म्हणतात. तूर्त लाटावाल्यांचं बहुमत आहे.

बहुमत म्हटल्यावर रावसाहेब आधी लाटांकडं झुकले. मग त्यांच्या लक्षात आलं, की लाट आपली आपण येते आणि आपली आपण जाते, तेव्हा चोरी सिद्ध होत नाही. कण मात्र उचलावे लागतात. ते तत्काळ कणांचे झाले. पण कण घेऊनही पंचाईत होती. दुसऱ्या नाक्यावरचा कंदील बरोबर रावसाहेबांच्या ओट्यासमोर होता, आणि त्याच्या उजेडात रोज संध्याकाळी रावसाहेबांचा सोंगट्यांचा पट मांडलेला असे. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं, कारण रावसाहेब हरले की पट उधळत आणि सोंगट्या रस्त्यावर येत.

अँब्रोज यांना हा घोळ पाहून मजा वाटत असावी. ते म्हणाले, "मी लाटांचा माणूस, रावसाहेब. माझ्या मिठागरात खाडी दिवसातून दोनदा येते, मी काय तिला बोलावणं धाडीत नाय. उद्या तुम्ही तिचेही कण मोजाल."

"प्रश्न देवळाचा आहे," रावसाहेब म्हणाले.

"आणि तुमच्या ओट्याचा?"

रावसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी सांगितलेला ठराव श्रीपादनं लिहून घेतला. असा ठराव विलायतेतल्या पंडितांनासुद्धा तोवर सुचला नव्हता. उजेड ही वस्तू दोन्ही प्रकारची आहे. ती प्रतिष्ठित गृहस्थाच्या ओट्यावर पडते तेव्हा लाट असते आणि देवळात पडते तेव्हा कण असतात. ती कोणत्या वेळी काय असावी, हे ती कोणाकडं जाते यावरून ठरतं.

"एकच घासलेट, एकच काच, एकच दगडू," अँब्रोज म्हणाले. "तरी दोन स्वभाव?"

"माणसांचे नसतात का?" रावसाहेब म्हणाले, आणि त्या साऱ्या चौकशीत निघालेलं हे एकच खरं वाक्य इतिवृत्तात घ्यायचं राहून गेलं.

आता फक्त देवळात उजेड कोणी कोणी वापरला त्यांच्या जबान्या घ्यायच्या उरल्या. देवळाबाहेर बाक टाकून श्रीपाद बसला. प्रश्न एकच: आपण त्या एकादशीला कंदिलाचा उजेड पाहिला काय? 'होय' म्हणणाऱ्याचं नाव लाभार्थी म्हणून लिहिलं जाईल हे आधी सांगण्यात येई. पहिल्या माणसानं जरा विचार केला आणि सांगितलं, की मी कीर्तन डोळे मिटून ऐकतो. त्याच्या मागचा म्हणाला, भक्ताला डोळ्यांचं काय काम. तिसऱ्यानं तर नुसतेच डोळे मिटून दाखवले. दोन दिवसांत दोनशे माणसांनी लिहून दिलं, की त्यांनी देवळात आजवर काहीच पाहिलेलं नाही. मारुतीबुवांनी सांगितलं, की गाताना ते देहभान विसरतात. अँब्रोज आपण होऊन आले आणि म्हणाले, की देवळात मी नसतो, पण चर्चहून परतताना वाटेवरून मी तो उजेड चांगला पाहिला, माझं नाव लिहा. वाटेवरून पाहिलेला उजेड चौकशीच्या कक्षेत येत नाही, असा शेरा मारून त्यांना परत पाठवण्यात आलं.

शेवटी काठी टेकत आत्या आली. समोर बाकावर कोण आहे हे तिला आवाजावरून कळलं.

"लिही," ती म्हणाली. "मी पाहिला. बुवांची पाची बोटं पाहिली. करंगळीशेजारच्या बोटात दर्भाचं पवित्रक होतं."

"आत्या, नाव लागेल."

"लागू दे की. देवाच्या दारात आणखी कुठल्या कामाला लागायचंय ते?"

श्रीपादनं तिचं नाव लिहिलं. तिच्या खाली त्याची स्वतःची जबानी बाकी होती. टाक दौतीत दोनदा बुडवून त्यानं लिहिलं: डोळे मिटून ऐकत होतो.

अखेरचा निकाल चैत्र लागताच निघाला. सदर उजेड दृष्टी अधू असलेल्या एका बाईखेरीज कोणासही दिसलेला नाही, सबब तो तिथं पडलाच नाही. जिथं उजेड पडत नाही तिथं कंदील ठेवणं हा अपव्यय होय, तरी तो काढून दुसऱ्या नाक्यावर, जिथं एक अपुरा पडतो असं सभासदांच्या निदर्शनास आलं आहे, तिथं लावावा. बारा तोळे गहाळ म्हणून दाखवावे. जबानी देणारांनी पुढंही दिल्या जबानीप्रमाणं वागावं, यावर दगडूनं नजर ठेवावी.

रामनवमीला कीर्तन भर दुपारी असतं, कारण राम दुपारचा जन्मला. त्या दिवशी सूर्य डोक्यावर होता आणि त्याला कोणत्याही कमिटीचा हुकूम लागू नव्हता. ऊन सभामंडपात शिरलं, बुवांच्या उपरण्यावर पडलं, पहिल्या रांगेत बसलेल्या रावसाहेबांच्या पगडीवरही सारखंच पडलं. दारात दगडू यादी घेऊन उभा होता. बुवांनी जन्माचं आख्यान लावलं, मृदंग चढला, पाळण्याची दोरी हलली, आणि बुवांचा उजवा हात वर गेला. खाली दोनशे माणसं जबानीप्रमाणं डोळे गच्च मिटून बसली होती.

"श्रीपाद," आत्या हळूच म्हणाली, "दिसला रे. ऊन आहे म्हणून दिसला. पाची बोटं. तू बघतोयस ना?"

"हो आत्या."

"आणि हे बाकीचे असे खाली माना घालून का बसलेत?"

"भक्तीनं, आत्या."

तिनं चाचपडत हात पुढं केला. तिची बोटं त्याच्या गालावरून वर सरकली आणि डोळ्यांवर थांबली. पापण्या मिटलेल्या होत्या. ओल्याही होत्या. तिनं हात मागं घेतला, आणि उरलेलं कीर्तन तिनं एकटीनं पाहिलं.

त्या जबान्यांचा कागद कचेरीत अजून आहे. शेवटच्या सहीखाली बरीच जागा कोरी आहे. वाचकहो, हे सगळं तुम्ही आत्ता ज्या उजेडात वाचलंत, तो मुळात कोणासाठी लावला होता, असं उद्या कोणी बारनिशी घेऊन विचारायला आलं तर गोंधळून जाऊ नका. मजकूर तयार आहे. तुम्ही फक्त डोळे मिटायचे आणि सही करायची.