रेषेची रुंदी

रेषेला लांबी असते, रुंदी नसते. हे सत्य भूमितीने फार पूर्वी सिद्ध केले असले, तरी कट्टा गावाजवळच्या एका वाडीत ते अजून मंजूर व्हायचे आहे. तिथे रेषेची सरासरी रुंदी दीड फूट असून ती जांभ्या दगडाची असते. तिला गडगा म्हणतात. दर उन्हाळ्यात ढासळलेला गडगा पुन्हा रचायची रीत आहे, आणि जो रचतो त्याच्या शेजाऱ्याच्या हद्दीत गडगा वीतभर सरकतो. (भूगर्भशास्त्रज्ञांनी याची दखल घेतलेली नाही. उणीव त्यांची.)

असाच एक गडगा जितेंद्र आणि त्याचा थोरला भाऊ दत्तप्रसाद यांच्या घरांमध्ये उभा होता. दोघे भाऊ म्हणजे समांतर रेषांचा आदर्श. एकाच दिशेने जायचे, अंतर कायम राखायचे आणि कुठेही भेटायचे नाही. जितेंद्रची मुलगी स्वप्ना बारावीला विज्ञान शाखेत होती. अंगणातच अशी प्रात्यक्षिके चालू असताना तिला भूमिती जड जायचे काही कारणच नव्हते. अडचण होती ती घरातल्या दिव्याची.

दोन बिंदूंमधले सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा. विजेच्या खांबापासून स्वप्नाच्या घरापर्यंतची ती रेषा मात्र दत्तप्रसादकाकांच्या खळ्यावरून, म्हणजे अंगणावरून जात होती, आणि वाटणीत खळ्यावरचे आभाळही आपल्याकडेच आले आहे, असे काकांचे ठाम मत होते. म्हणून तार माडाला, विहिरीला आणि तीन सज्जनांच्या परसांना वळसा घालून यायची. पोचेपर्यंत वीज इतकी दमायची, की दिवा लागला आहे का हे बॅटरी मारून पाहावे लागे. त्या उजेडात विद्युतक्षेत्राचा धडा वाचताना स्वप्नाला रडू यायचे. तिला इंजिनिअर व्हायचे होते आणि पेपर महिन्यावर आला होता.

शेवटी तिने काकांना गाठले.

"काका, तार म्हणजे रेषा. आणि रेषेक रुंदी नसता. मग ती तुमचा आभाळ अडवतली कशी?"

काका विचारात पडले. ते न्यायी होते. (कोर्टात उमेदीची वर्षे घालवली की माणूस न्यायी होतोच.)

"बरोबर बोललंस गो बाय," ते म्हणाले. "पण ह्या माझ्या एकट्याच्या हातात नाय. देवाक इचारूक व्हया."

देवळात रीतसर गाऱ्हाणे घालण्यात आले. मानकऱ्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, रेषेक रुंदी नसता असा ह्या लेकरू सांगता, ता मान्य करून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेली मंडळी एका सुरात म्हणाली. गणिताचा सिद्धांत इतक्या झटपट आणि एकाही आकृतीशिवाय सिद्ध झाल्याचे दुसरे उदाहरण नसावे. स्वप्नाचा आनंद गगनात मावेना.

तेवढ्यात काका उठले. "रुंदी नाय म्हणजे खंयच्याच रेषेक नाय. मग दीड फुटाचो गडगो कसलो? आधी तो काढा, मगे तार सरळ जाऊंदे."

"गडगो काढूचो?" जितेंद्र ताडकन उभा राहिला. "गडगो गेलो तर आमची हद्द खंय रवतली?"

"ता पण खरा," काका म्हणाले.

कित्येक वर्षांनी दोघे भाऊ एकमेकांशी बोलले आणि त्यांचे लगेच एकमतही झाले, की तार आहे तिथेच राहावी. मंडळी म्हणाली, "व्हय म्हाराजा!" स्वप्नाने बापाकडे पाहिले. तो बऱ्याच दिवसांनी समाधानी दिसत होता.

पेपरात प्रश्न आला, 'विद्युत बलरेषा काल्पनिक असूनही एकमेकींना का छेदत नाहीत?' पुस्तकातले उत्तर त्या दिव्याखाली तिला कधी दिसलेच नव्हते. तिने अनुभवावरून लिहिले, 'काल्पनिक असतात म्हणूनच. खऱ्या असत्या तर मोजून केव्हाच मिटवल्या असत्या.' तपासनिसांनी शून्य दिले, आणि नियमाप्रमाणे ते योग्यच होते. स्वप्ना थोडक्यात नापास झाली.

तुम्हाला तिचे वाईट वाटले असेल. वाटायलाच हवे. आता जरा खाली पार्किंगमध्ये जाऊन या. शेजाऱ्याच्या गाडीचे चाक तुमच्या पिवळ्या पट्ट्यावर चार बोटे आले आहे.