होर एक काय?

तुळजारावांच्या मते त्यांच्या कॉम्प्युटरमधली जपानी बाई तंजावरी मराठी बोलते.

माझी पुण्याहून तंजावरला बदली झाली, तेव्हा शेजार मराठी मिळाला म्हणून मी खूश होतो. पण तुळजारावांची मराठी इतकी जुनी, की ‘आणखी’ला ते ‘होर’ म्हणतात. वर मलाच विचारतात, तुमच्या पुण्यात मराठी शिकवतं कोण?

तरुणपणी कंपनीने त्यांना जपानला धाडलं होतं. लोक तिथून कॅमेरे आणत; यांनी एक कॉम्प्युटर आणि एक चावट खेळ आणला. तिकडच्या मेजवान्यांत म्हणे मोठी माणसं गात, डुलत दगड-कागद-कात्री खेळतात आणि हरेल त्याने अंगावरचा एक कपडा उतरवायचा. तोच खेळ कुणीतरी कॉम्प्युटरात घातला. आपण जिंकलो, की स्क्रीनवरची बाई एकेक वस्त्र उतरवते.

इतकी वर्षं खेळूनही तुळजारावांच्या बाईचा साधा कोट उतरलेला नाही. रोज संध्याकाळी कॉफी घेऊन बसतात आणि हरतात. मी त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. एकदा ते दूध बघायला आत गेले, तेव्हा मी बटण दाबलं आणि पहिल्याच डावात जिंकलो. बाईने कोटाला हात घातला. तुळजाराव धावत आले आणि खांद्यावरचा पंचा त्यांनी स्क्रीनवर टाकला.

“सार, ती पुढं काय करेल ते मला ठाऊक. दगड, दगड, कात्री. तेच ते.”

मग हरता कशाला, मी विचारलं.

त्यांनी पंचा काढून पुन्हा खांद्यावर टाकला. मग नवा डाव मांडून मुद्दाम हरले. बाई हसली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, “मो इक्काय?” म्हणजे, पुन्हा एकदा?

“ऐकलंत? होर एक काय? आमची मंजुळा असंच विचारायची. हरेल त्यानं कॉफी करायची, असा आमचा डाव. मीच हरायचों. जिंकलं तर ही बाई गप्प कपडे काढते, सार. विचारत नाही.”

त्यांच्या पत्नीला, मंजुळाबाईंना, मी फक्त भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत पाहिलं होतं. मला फार वाईट वाटलं. मी खुर्ची वळवून त्यांच्यासमोर मूठ धरली. हरेल त्याने कॉफी करायची, म्हटलं. माझा बेत हरण्याचा होता, पण हरण्यात तुळजारावांचा हात कोण धरणार?

ते कॉफी घेऊन आले, तेव्हा मी विचारलं, “होर एक काय?”

“उच्चार पुणेरी आहे,” ते म्हणाले आणि मूठ पुढे केली.