नाखवा सरांची लाळ

लग्नाच्या पंगतीत नाखवा सरांशेजारी बसायला आमच्या कॉलेजात कुणी धजत नसे. वरणभात वाढला, की ते शेजाऱ्याच्या पानावरची लिंबाची फोड उचलायचे. एकदा खुद्द वरपित्याचीच उचलली.

"अहो, माझं लिंबू!"

"आधी भात चावा, मग लिंबू मागा. आंबट पडलं की तोंडातलं एन्झाइम रुसतं."

सर मूळचे करंज्याचे, कोळी घरातले. पनवेलच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. एरवी पुस्तकी बोलत. एन्झाइमचा विषय निघाला, की घरची भाषा उसळून येई. "एन्झाइम म्हंजे जावई! जरा कमी-जास्त झालं की काम बंद. तोंडातल्या जावयाला आंबट खपत नाय, पोटातला मात्र आंबटशौकीन हाय." मुलं बाकं बडवायची.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. सरांना प्रयोगशाळेचे प्रमुख करायचं घाटत होतं. त्याआधी संस्थेच्या मंडळींसमोर त्यांनी आपला लाडका प्रयोग मांडला. पिठाच्या पाण्यात आयोडीन टाकलं, की ते निळं होतं. आधी लाळ घालून थोडं थांबलं, तर लाळ पीठ पचवते आणि निळा रंग येत नाही. त्याच लाळेत आम्ल मिसळलं, की ती हात टेकते; पाणी निळंच होतं. एका नळीत साधी लाळ, दुसरीत आम्ल घातलेली. लाळ अर्थात सरांची.

दोन्ही नळ्या निळ्याशार झाल्या.

"सर, तुमचे जावई संपावर गेले वाटतं!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे खदखदून हसले. अध्यक्षही हसले.

सरांनी साधी नळी रिकामी केली, आत बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझीच लाळ म्हातारी झाली."

प्रमुखपद दुसऱ्याला गेलं. माजी विद्यार्थी अजूनही जमले, की सरांच्या लाळेवर हसतात. म्हणून हे लिहितो आहे. लाळेत काही दोष नव्हता. मी तेव्हा तिथे रसायनशास्त्राचा नवा शिक्षक होतो. दोन्ही विषयांना प्रयोगशाळा एकच, त्या नळ्या मी आम्लाने धुतल्या होत्या, आणि घाईत नंतर पाण्याने विसळल्याच नाहीत. दोन्ही नळ्या निळ्या झाल्या तेव्हाच मला कळलं होतं. मी गप्प बसलो.

मी निवृत्त झाल्यावर एकदाचा करंज्याला गेलो. सर ओट्यावर एकटेच सुकट निवडत होते. लग्न त्यांनी केलंच नव्हतं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "आंबट लागलं ना जिभेला. तुमची नोकरी कच्ची होती, घरी तान्हं पोर. माझं काय जाणार होतं?"

त्यांनी सुकटीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर लॅबमदी बसलेलो. म्हटलं, मास्तर येतील बोलायला. बीकरमदी दोघांचा चा पन टाकला होता."

त्या दिवशी मी मागच्या फाटकाने बाहेर पडून एस.टी. पकडली होती.